मुरायला पंधरा दिवस

झिसिस : हा तंबाखू नाही.

फानी : काका, बाटलीवर लिहिलंय तसं.

झिसिस : उद्या माझ्या शवपेटीवर कुणी 'मंत्री' लिहिलं म्हणून मी मंत्री होणार आहे का? ही करपलेली साखर आहे. वर जरा व्हॅनिला शिंपडलाय, कुणाला कळू नये म्हणून.

इस्मिनी : बाबा, ही चौथी बाटली.

झिसिस : मग चार वेळा साखर.

फानी : असू दे हो ताई. हुंगल्यानं काही ई-सिगारेटचं लिक्विड संपत नाही. दुकान सकाळपासून रिकामंच आहे. काका, हे घ्या. हे जरा कडक आहे.

झिसिस : हे चामडं आहे. चपलेचं.

फानी : अरे देवा.

झिसिस : हे नाक बघून ठेव, पोरी. चौतीस वर्षं या नाकानं तंबाखूच्या वखारीत पानं निवडली. डोळे बांधून सांगायचो, हे डोंगरउतारावरचं, हे खाली विहिरीजवळचं. आणि तू मला चप्पल हुंगायला देतेस.

फानी : माझी आजीपण वखारीत होती. ती गेली तरी वर्षभर तिच्या उशीला वास यायचा.

झिसिस : आपल्या कवाला गावात कुणाची आजी वखारीत नव्हती? नाव काय?

फानी : फोतिनी. सगळे 'लंगडी फोतिनी' म्हणायचे.

झिसिस : लंगडी फोतिनी! चौथ्या मजल्यावरची! बाई लंगडी, पण जिना चढताना पुढं आणि भांडतानाही पुढं. तरीच तू माझ्यासमोर टिकून आहेस.

इस्मिनी : बाबा, आपण कशाला आलोय?

झिसिस : तू आली आहेस. मला आणलंय.

इस्मिनी : बरं. फानी, मी सरळ सांगते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं अशीच वापरली तर पुढच्या हिवाळ्यात यांना नाकाला नळी लावून झोपावं लागेल. त्यांना खरं तर हेसुद्धा नकोच आहे. पण सिगारेट सुटतच नसेल तर निदान ई-सिगारेट, आणि तीही हळूहळू कमी करायची. रविवारी आईला जाऊन चाळीस दिवस होतात, चर्चमध्ये प्रार्थना आहे. सोमवारी मी अथेन्सला परत जाणार. त्याआधी यांच्या हातातलं पाकीट जायला हवं.

झिसिस : अजून मोठ्यानं सांग. पलीकडच्या बेकरीवाल्याला नीट ऐकू आलं नसेल.

इस्मिनी : ऐकू देत. चाळीस दिवसांत मला एवढंच कळलंय, की फोन वाजला की माझे हात गार पडतात. तो फोन मला पुन्हा घ्यायचा नाही. निदान इतक्यात नाही.

झिसिस : बरं. दाखव पोरी, अजून काय आहे तुझ्याकडं.

फानी : आधी सांगा, दिवसाला किती?

झिसिस : आठ.

इस्मिनी : चौदा.

फानी : म्हणजे अकरा. मग निकोटीन मध्यमच ठेवू, अगदी कमी दिलं तर संध्याकाळी गुपचूप पाकीट आणाल. आणि माझं ऐका, तंबाखूचा नाद सोडा. जुन्या माणसांना मी तंबाखूचं लिक्विड देतच नाही. ते झुरक्याझुरक्याला तुलना करत बसतात, आणि खरं ते खरंच निघतं. काहीतरी वेगळंच घ्या. कॉफी?

झिसिस : कॉफी मी पितो. ओढू कशाला?

फानी : पुदिना?

झिसिस : दात घासल्यासारखं वाटेल.

फानी : टरबूज?

झिसिस : इस्मिनी, ही पोर माझी थट्टा करतेय.

इस्मिनी : करू दे. तुम्ही तिची एक तास करताय.

फानी : बरं, हे शेवटचं. नाव नाही सांगत. डोळे मिटा.

(झिसिस डोळे मिटून हुंगतो.)

फानी : काय?

झिसिस : अंजीर. फळ नव्हे, पान. ऊन लागलेलं पान.

फानी : बरोबर!

झिसिस : वखारीच्या मागं झाड होतं. जेवणाच्या सुट्टीत बायका तिथं बसायच्या. डोम्ना, हिची आई, पानं तोडून त्यावर ऑलिव्ह ठेवायची, ताटली विसरायची म्हणून. हाताला चीक लागला की दिवसभर खाजवत बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान.

इस्मिनी : आईनं मला हे कधी सांगितलं नाही.

झिसिस : ताटली विसरते हे कुठली बाई मुलीला सांगेल?

फानी : मग हे करते तयार. बाटलीत आत्ता नुसता अर्क आहे, तळाशी. त्यात बाकीचं ओतायचं, निकोटीन घालायचं, चांगलं हलवायचं आणि अंधारात ठेवून द्यायचं. मुरायला पंधरा दिवस.

झिसिस : मुरायला?

फानी : हो. लगेच ओढलं तर वास वेगळा आणि चव वेगळी लागते. मुरलं की दोन्ही एक होतात.

झिसिस : हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? पानाच्या गासड्यांना आम्ही पुरा हिवाळा द्यायचो. मधेमधे उलटवायच्या. हात घालून बघायचं, आत गरम तर नाही ना. घाईचा तंबाखू खोकल्याचा तंबाखू. तू रोज हलवतेस?

फानी : एक दिवसाआड.

झिसिस : बरं करतेस.

इस्मिनी : आणि हे पंधरा दिवस?

फानी : तोवर हेच, पण तयार भरलेलं मिळतं, छोट्या बाटलीत. चव जरा पातळ आहे, चालून जाईल. आणि हे यंत्र. हातात धरून बघा काका.

झिसिस : हलकं आहे. हे खाली ठेवलं तर?

फानी : ठेवा की. इथं, टेबलावर.

झिसिस : तसं नाही. पेटवून ठेवलं तर? जळत राहतं?

फानी : नाही नाही. यात जळत काहीच नाही. ओढलं तरच वाफ. तोंडातून काढलं की बंद. तोच तर फायदा! डुलकी लागली तरी गादी पेटायची भीती नाही.

झिसिस : मग नको.

फानी : अं?

झिसिस : नको. तुझा वेळ घेतला, फोतिनीच्या नाती. चल, इस्मिनी.

इस्मिनी : बाबा! वास आवडला, मुरवायचं पटलं, आणि आता काय झालं?

झिसिस : काही नाही. मला नको.

इस्मिनी : मी रोज सकाळी बाल्कनीतली ॲशट्रे धुते. सकाळच्या पहिल्या बैठकीची दोन थोटकं. एक चावलेलं, ते तुमचं. दुसऱ्याची नुसती राख, लांबच्या लांब, न मोडलेली. मला वाटायचं, एक संपत नाही तोवर दुसरी पेटवता आणि विसरता.

झिसिस : दुसरी मी ओढत नाही.

इस्मिनी : मग?

झिसिस : तुझी आई कुठं ओढायची? मला पेटवायला लावायची, दोन झुरके घ्यायची आणि मग सुरू व्हायची. शेजारणीची सून, भावाची होडी, तुझा फोन का नाही आला. सिगारेट आपली ॲशट्रेत जळतेय. मी राखेकडं बघत बसायचो, आता पडेल, मग पडेल. संपली की म्हणायची, चला, भांडी वाट बघतायत. आणि उठायची.

इस्मिनी : म्हणून दुसरी पेटवता?

झिसिस : जळते तेवढा वेळ ती बसलेली असते.

(इस्मिनी ते यंत्र हातात घेते, पुन्हा हळूच टेबलावर ठेवते.)

इस्मिनी : किती वेळ जळते?

झिसिस : सात-आठ मिनिटं. वारा असला की बाईसाहेब घाईत.

इस्मिनी : मग तिची जळू दे.

फानी : ताई, डॉक्टरीणबाई...

इस्मिनी : रोज सकाळी एक. तसबिरीपुढं दिवा लावतोच ना आपण? पण ती तिची. तुम्ही तिला तोंड लावायचं नाही, बाबा. तुमच्या हातात हे असेल.

झिसिस : आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर काय सांगशील?

इस्मिनी : सांगेन, बाबांनी सोडली. आई अजून ओढते.

झिसिस : हं.

इस्मिनी : सकाळी वारा कुठून येतो?

झिसिस : समुद्राकडून. तिच्या खुर्चीकडून माझ्याकडं. पन्नास वर्षं तिचा धूर मीच खाल्लाय.

इस्मिनी : मग जागा बदला. ॲशट्रे तुमच्या खुर्चीपाशी ठेवा आणि तुम्ही तिच्या खुर्चीत बसा.

झिसिस : ती खुर्ची तिची आहे.

इस्मिनी : ती तुम्हाला उठवणार नाही.

झिसिस : फानी, ती मुरायची मोठी बाटलीही भर. पंधरा दिवसांनी नेईन. आणि हलवायला विसरू नकोस.

फानी : एक दिवसाआड, काका. नाव टाकून ठेवते वर.

झिसिस : त्या खुर्चीतून बंदर दिसतं म्हणायची. मी कधी बसून बघितलंच नाही.