पाच वीस ते पाच पंचेचाळीस

थोरली : दोन मिनिटांत एक ग्रुप होतो, असं तुम्हीच फोनवर म्हणालात ना मॅडम? चौदा ग्रुपांना अठ्ठावीस मिनिटं. मी तीस धरलीत. आता माझ्या कागदात खोट काढू नका.

फोटोग्राफर : खोट कसली हो? इतकी लग्नं केली, पण असा कागद कुणी माझ्या टेबलावर ठेवला नव्हता. नऊ पाचला नवरी तयार व्हायला बसणार, नऊ पन्नासला केस, अकराला सह्या. चपला घालायलासुद्धा चार मिनिटं दिलीत.

धाकटी : ताई बस डेपोत वेळापत्रकं बनवते. एकशे दहा गाड्या आहेत तिच्या हाताखाली. आमच्या घरात आंघोळीलासुद्धा नंबर लागायचे.

थोरली : म्हणून तू शाळेत कधी उशिरा पोचली नाहीस.

धाकटी : म्हणून तर माझ्या लग्नाचा दिवस तुझ्या हवाली केला. मला हे असलं काही जमत नाही बाई.

फोटोग्राफर : एकच अडचण आहे. हे चौदा ग्रुप तुम्ही सव्वापाच ते पावणेसहा घेतलेत, मागच्या अंगणात.

थोरली : मग? तेव्हा पाहुणे चहा घेऊन मोकळे असतात. नंतर एकेक जण पांगतो. मग गोळा करत बसा.

फोटोग्राफर : ते खरं आहे. पण त्या हॉलला उजेड म्हणून कुठे नाही. आत ट्यूबलाइट, पुढे पार्किंग. काय ते मागचं अंगण. तिथेही समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून पाच वीसला ऊन आत येतं, भिंतीवर पडतं, आणि पाच पंचेचाळीसला गेलेलं असतं. नवरा-नवरी दोघांचेच फोटो काढायचे तर ती पंचवीस मिनिटं. अल्बमचं कव्हर मी तिथलंच धरलंय.

धाकटी : मग ग्रुप दुसरीकडे हलवू या. ना गं ताई?

थोरली : हलवू या म्हणे! एक हललं की पुढचं सगळं लेट होतं. आणि दोघांचे फोटो मी घेतलेत की दोन वाजता. चांगली वीस मिनिटं दिलीत.

फोटोग्राफर : दोनला ऊन डोक्यावर असतं हो. डोळ्यांखाली काळं येतं. दोघंही नुकतीच आजारातून उठल्यासारखी दिसतील.

थोरली : लग्न आहे, साबणाची जाहिरात नाही. म्हाताऱ्या माणसांचे पाय दुखतात, त्यांचं बघायचं की कव्हरचं?

धाकटी : जाऊ दे, मॅडम. ताईने घरी बसून कागदावर केलंय, तिला तिथल्या उन्हाचं काय माहीत असणार?

फोटोग्राफर : माहीत आहे ना. त्या जाऊन आल्यात की.

थोरली : कुठं?

फोटोग्राफर : हॉलवर. मी परवा उजेड बघायला गेले, तर वॉचमन म्हणाला, तुमच्याआधी एक बाई दोन दिवस येऊन गेल्या. मनगटावर घड्याळ, हातात निळी वही, हीच. अंगणात उभ्या राहून ऊन कधी येतं, कधी जातं ते लिहून घेत होत्या. मी मनात म्हटलं, बहीण असावी तर अशी.

धाकटी : दोन दिवस? ताई, मला बोलली नाहीस.

थोरली : जाता जाता डोकावले. वाटेवरच होतं.

धाकटी : डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

थोरली : मॅडम, जरा पाणी द्याल का?

धाकटी : वही दे इकडे.

थोरली : तिच्यात माझं डेपोचं काम आहे.

(धाकटी वही ओढून घेते. पानं उलटते.)

धाकटी : "ऊन आत, पाच वीस. बाहेर, पाच पंचेचाळीस." खाली दोन रेघा मारल्यास. आणि त्याच पानावर ही ग्रुपांची यादी. बाबांच्या ऑफिसातले निवृत्त लोक. शेजारी, डाव्या बाजूचे. शेजारी, उजव्या बाजूचे.

थोरली : एकत्र उभे केले तर भांडतात ते.

धाकटी : ताई, एकशे दहा गाड्यांत तुझी मिनिटाची चूक होत नाही.

थोरली : नाही होत.

धाकटी : मग हे मुद्दाम केलंस.

फोटोग्राफर : मी जरा बाहेर जाऊन येऊ का?

थोरली : बसा हो, तुमचंच ऑफिस आहे. आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? केलं मुद्दाम. जळले मी.

धाकटी : माझ्यावर?

थोरली : मग काय वॉचमनवर? पहिल्या दिवशी मी तुझ्यासाठीच गेले होते, शपथ. उभी राहिले तिथं. साधी भिंत, रंगाचे पोपडे निघालेले. ऊन आलं आणि तीच भिंत अशी दिसायला लागली की मी बघतच राहिले. मग वाटलं, इथं ही उभी राहणार. शेजारी तो. कुणी घाई करणार नाही. या मॅडम म्हणतील, जरा हनुवटी वर घ्या, छान. तिथंच पायरीवर बसून यादी केली. वेळ भरून काढायला ग्रुप पुरेनात, म्हणून शेजाऱ्यांचे दोन भाग केले.

फोटोग्राफर : आणि दुसऱ्या दिवशी?

थोरली : दुसऱ्या दिवशी खात्री करायला गेले. एक मिनिट जरी हिच्या वाट्याला उरलं असतं ना, तर माझ्या कामाला बट्टा लागला असता.

धाकटी : कमाल आहे तुझी. शत्रू परवडला.

फोटोग्राफर : तुमच्या लग्नात फोटो नीट आले नाहीत का?

थोरली : माझं लग्न कचेरीत झालं, मॅडम. बाबा दवाखान्यात, आई त्यांच्यापाशी. कारकुनाच्या जेवणाच्या सुट्टीआधी सह्या उरकल्या. मामाने चार फोटो काढले. मोजून चार. बारा वर्षं झाली, यांचा आणि माझा, दोघांचाच असा त्या दिवसाचा एक फोटो नाही. चारही फोटोंत ही बया मध्ये.

फोटोग्राफर : चारही?

थोरली : एकात माझा हात धरून लोंबकळतेय. एकात दोघांच्या मध्ये उभी राहून दात काढतेय. तिसऱ्यात ह्यांचं नुसतं कोपर आलंय, बाकी नवरा गायब. चौथ्यात मी डोळे मिटलेत. भिंतीवर कुठला लावू? एक पाहुणी विचारत होती, लग्न तुमचं की या मुलीचं?

धाकटी : लहान होते गं मी.

थोरली : लहान होतीस म्हणून सगळं तुझंच होतं. खिडकीजवळची जागा तुझी. नवा फ्रॉक तुझा, आणि उरलेल्या कापडाचा माझ्या उशीला अभ्रा. मी कधी बोलले? ताई शहाणी, ताई समजूतदार. त्या शहाणपणाचा मला वीट आलाय. आणि आता ऊनसुद्धा तुझ्यासाठी घड्याळ बघून येणार!

धाकटी : मग घे ते ऊन. तू आणि भाओजी उभे राहा त्या भिंतीपाशी. मला नको.

थोरली : भीक नको मला. आणि ह्यांचं पोट बघितलंस का? त्या फटीतून जेवढं ऊन येतं ते सगळं अडेल.

धाकटी : हसवू नकोस. चिडले आहे मी.

थोरली : चीड की. हक्कच आहे तुझा.

धाकटी : नाही... ऐक. मलाही एक सांगायचंय. मी त्या फोटोंत चुकून नव्हते आले.

थोरली : म्हणजे?

धाकटी : मामा सांगत होता, बाळ, बाजूला हो, या दोघांचा काढू दे. चार वेळा म्हणाला. मी हलले नाही. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको होता. सकाळी तू माझे केस विंचरलेस आणि दुपारी तो तुझी पिशवी उचलून चालू लागला. मला वाटलं, यांचा दोघांचा फोटोच निघाला नाही तर लग्न खरं होणार नाही. तू संध्याकाळी घरी येशील.

थोरली : तेरा वर्षांची घोडी होतीस तू.

धाकटी : होते. तरी वाटलं. जळत होते मी भाओजींवर. ते कोपर दिसतं ना, ते मीच बाहेर ढकललं होतं.

थोरली : ह्यांना?

धाकटी : जोरात. ते हसले, काही बोलले नाहीत. अजूनही कधी बोललेले नाहीत.

थोरली : मला तरी कुठे सांगितलं त्यांनी? आणि मी बारा वर्षं मामाला नावं ठेवतेय, की मेल्याला कॅमेरा धरता येत नाही.

फोटोग्राफर : त्या बिचाऱ्याचा काय दोष? ठरवून आडवं आलेल्या माणसापुढे आमचं काही चालत नाही.

थोरली : कळलं, मॅडम. दोघींनाही कळलं. वही आण इकडे. पेन कुणाकडे आहे?

फोटोग्राफर : हे घ्या.

थोरली : ऑफिसातल्या लोकांना चार वाजता पुढच्या जिन्यावर उभं करा. पायऱ्या आहेत, मागचेही दिसतील. शेजारी सगळे एकत्र. भांडू देत. बाकीचे ग्रुप दुपारच्या जेवणानंतर, आत, ट्यूबलाइटमध्ये. त्यांना कुठं कव्हरवर जायचंय?

फोटोग्राफर : आणि दोनची वीस मिनिटं?

थोरली : दोनला ही जेवेल. सकाळपासून पोटात काही नसेल, चक्कर येऊन पडायची.

धाकटी : ताई, राग गेला तुझा?

थोरली : राग नव्हताच. जळणं होतं. ते असं एका बैठकीत कुठं जातंय? तुझा अल्बम घरी आला की कव्हर बघूनच पुन्हा पोटात दुखेल माझ्या.

धाकटी : मग बदलतेस कशाला?

थोरली : जळायला मला उभं आयुष्य पडलंय. ऊन पंचवीसच मिनिटं असतं. लिहून घ्या मॅडम, पाच वीस. दोघंच.