काळ्या ढोलावरची हळद

मी मूळचा धानोऱ्याचा, आमचं सुतारकीचं घर, बाप गाडीची चाकं करे, मीबी तेच केलं, पण काय सांगू तुम्हाले, माझे कान सदा वाजंत्रीकडे. एकदा नंदुरबारले बाजारात सुरतेच्या एका मोडलेल्या बँडचे ढोल दिसले, एक मोठा, एक लहाना, अन् पितळी झांजा. मोठ्या ढोलात तर कोंबडी अंड्यावर बसेल व्हती. घेऊन आलो घरी. माझी बायको सखू म्हने, हाई काय येड लागनं तुम्हले?

ढोलाचं लाकडी कडं फुटेल व्हतं, वाफेवर वाकवून नवं बसवलं, बकरीचं कातडं ताणलं, जुना रंग सगळा खरवडला. ढोल बोलाया लागला तशी सखूच चूल सोडून दारात उभी.

मग रंगाचं निघालं. सखू म्हने, पिवया द्या, हयदना. मी हसलो, म्हटलं बाईमाणसाले हळदीशिवाय काय सुचतं? माझ्या डोळ्यापुढं कापसाच्या जिनवाल्या शेठची काळी बग्गी, तोंड पाहून घ्यावं अशी चकचकीत. दिलं काळं रोगण, तीन तीन हात. गावभर दाखवत फिरलो. सखू भाकरी थापत बसली, ढोलाकडं पाहिलंबी नही.

पहिली सुपारी कळसाडी गावची, तीबी हळदीच्या दिवसाची. ढोल गळ्यात घालून मांडवाच्या दाराशी गेलो तं बायका आडव्या. नवरीची मावशी म्हने, हयदले काया ढोल? काढ बाहेर! अहो, हळदीच्या पोरीपुढं काळं आणत नही, हे शेंबड्या पोराले कळतं, अन् माले कळलं नही! इथून माघारी गेलो म्हणजे पुन्हा कोन बोलावतं, जन्मभर चाकंच. खरं सांगतो, डोळे भरून आले. मावशीनं ते पाहिलं. म्हने, इतला मोठा गडी अन् रडस? हळदीच्या वाटीत दोन्ही हात बुडवले अन् ढोलावर थापले. म्हने, आते तो आम्हना व्हयना, वाजाड.

ढोल त्यांचाच झाला म्हटल्यावर काय, असा वाजवला म्हणता, नवरीबी पाटावर बसल्या बसल्या मान डोलवे.

तेव्हापासून जिथं जाऊ तिथल्या बायका हात उमटवतात. घरी येऊन मी वरून जवसाचं तेल फिरवतो, म्हणजे हळद टिकते. होता होता ढोल सगळा पिवळा झाला. अन् सखू काय सोडते? मी काय सांगं व्हतं, मी काय सांगं व्हतं, हेच वर्षानुवर्षं.

परवा आमच्या पोरीची हळद झाली. सखू हात बुडवून आली, ढोल इकडून पाहिला, तिकडून पाहिला, म्हने मन्हासाठे जागा कथी शे? तिची जागा दाखवाले मी ढोल फिरवला. माझ्या पोटाले टेकते त्या बाजूले तळहाताएवढं काळं राहिलं व्हतं, इतकी वर्षं तिथं कोणाले हात लावू दिला नही. ती पाहतच राहिली. म्हने, येडा शेतस तुम्ही. अन् ठेवला हात.

आता काळं कुठंच नही. तुमच्या घरी हळद निघाली तं बोलवा, बायकांचे हात एकावर एक बसतील, देव करो अन् बसतच राहोत. फक्त त्या एका हातावर कोणाले बसू देणार नही.