शिमग्यापुरत्या बंद

रत्नागिरीत, मनाच्या आजारांच्या औषधखिडकीसमोर रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक म्हातारी, एक तरुण.

"काकी, आमचे हे म्हणतात, वर्षभर ठणठणीत आहे, आता गोळ्या बंद."

"डॉक्टरना विचारलंस?"

"नाही अजून."

"विचार गो बाय. आमचा रुपेशपण तीन वर्षं ठणठणीत होता. फक्त गोळ्यांनी हात थरथरायचे. पालखीला पहिला खांदा आमच्या घरचा. गाववाले म्हणाले, असल्या हातांनी पालखी नाचवायची नाय."

"मग?"

"मीच म्हटलं, शिमग्यापुरत्या बंद ठेव."

"थांबली थरथर?"

"थांबली ना! काय नाचवलीन पालखी! बघून माझे डोळे भरले."

"बरं झालं की."

"पालखी देवळात परत गेली, हा नाचतच राहिला. चार दिवस झोप नाय, जेवण नाय. नुसता हसायचा. म्हणायचा, आये, मी पाण्यावरनं चालत मुंबैला जातो बघ."

"अगो बाई! आता कसे आहेत?"

"ही पाकिटं तेव्हाची. फोडलीसुद्धा नाय. परत घेतात काय, विचारायला आल्ये."