कुशीवरचे टाके

(सात रस्त्याजवळचं विम्याचं ऑफिस. टेबलाच्या अलीकडे मेहनाज आणि तिचा धाकटा भाऊ गुफरान. पलीकडे एजंट विजयमालाताई, समोर अर्धा भरलेला फॉर्म.)

गुफरान : अपेंडिक्स लिवा की, ताई. हाय काय अन् न्हाय काय त्यात.

विजयमाला : गुफरानभाई, हा तुमच्या टेम्पोचा फॉर्म नाही. बहिणीच्या तब्येतीचा आहे. तिला बोलू द्या. मेहनाज, कसलं ऑपरेशन झालं होतं?

मेहनाज : अपेंडिक्स नव्हतं.

गुफरान : आपा...

मेहनाज : नव्हतं, ताई.

गुफरान : नऊ वर्षं झाली त्याला. आता कोण उकरून काढतंय? गुरुवारी मुंबईला जर्मनीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट हाय. त्याच्या आधी विम्याचा कागद हातात पायजे. उगं नवीन लफडं कशाला?

विजयमाला : कंपनी विचारते म्हणून मी विचारते. हिला जर्मनीत नोकरी असती तर मालकाच्या मार्फत विमा झाला असता, मला एवढं खोदून विचारावं लागलं नसतं. पण ही स्वतःच्या कामावर चाललीय. टॉवेल-चादरींची डिझाईनं करून द्यायची, बिलं स्वतःच्या नावानं, तसा विमाही स्वतःचा स्वतः. असल्या माणसाला कंपनी डोक्यापासून पायापर्यंत विचारून घेते. बोल मेहनाज.

मेहनाज : माझी डावी किडनी काढलीय.

विजयमाला : अगं बाई. आजार होता का काही?

मेहनाज : नाही. दिली.

विजयमाला : कुणाला?

मेहनाज : ते हा सांगेल.

गुफरान : ताई, पंखा जरा वाढवता का?

विजयमाला : पंखा फुलच आहे.

गुफरान : मला दिली. मी वीस वर्षांचा होतो. दोन्ही गेल्या होत्या माझ्या. अम्मीची जुळली न्हाय, आपाची जुळली.

विजयमाला : सात वर्षं तुमच्या टेम्पोचा विमा करतेय मी. कधी बोलला नाहीत.

गुफरान : आपानं दिली हे कुणालाच बोललो न्हाय. बायकोला बी न्हाय.

विजयमाला : अर्शीला माहीत नाही?

गुफरान : तिच्या घरच्यांना सांगितलं, पुण्यात कोणतरी ॲक्सिडेंटमधी मेला, त्याची मिळाली. मंद्रूपची साधी माणसं, त्यांनी मानलं. तवा घरात आपाच्या लग्नाचं बघत होते की. किडनी दिलेली पोरगी म्हटल्यावर कोण करून घेतंय? अम्मीनं सगळीकडं सांगून टाकलं, मेहनाजचं अपेंडिक्स काढलं. मग तेच चालू राहिलं.

मेहनाज : आणि लग्न तरी कुठं झालं? बार्शीच्या मोईनशी मंगनी झाली होती माझी, ताई. त्यांना कुठून तरी कळलं आणि मोडली. एका किडनीची सून कुणाला हवी? मी त्यांनाही दोष दिला नाही कधी. म्हणून आधीच विचारते. हे लिहिलं तर कंपनीही नकोच म्हणेल ना?

विजयमाला : तसं काही नाही. रक्ताचे रिपोर्ट मागतील, बीपी बघतील, हप्ता वाढवतील. घेतीलच असा शब्द मी देऊ शकत नाही. पण दुसरं एक छातीठोक सांगते. लपवलंस, आणि उद्या तिकडं दवाखान्यात पडलीस, तर डॉक्टर कुशीवरचे टाके बघणारच. मग कंपनी पॉलिसी रद्द करेल. परक्या मुलखात, एकटी. तेव्हा ते किडनीवर बोट ठेवणार नाहीत. म्हणतील, खोटं बोललीस. किडनीवाचून भागतं गं. खोट्यावर सगळं जातं.

गुफरान : मोईन बी असंच बोलला होता.

मेहनाज : कोण?

गुफरान : मोईन.

मेहनाज : तुला कधी भेटला तो?

गुफरान : मंगनी मोडल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी. माढ्याला भाडं घेऊन गेलतो. पंपावर डिझेल भरत होतो, तर हा गाडी लावून माझ्याकडं आला.

मेहनाज : काय म्हणाला?

गुफरान : जाऊ दे आपा. झालं ते झालं.

मेहनाज : काय म्हणाला, गुफरान?

गुफरान : मंगनीच्या दिवशी त्याच्या मामूनं मला जिन्याखाली बाजूला घेतलं होतं. म्हटले, बेटा, तुला बहिणीनंच किडनी दिली असं कानावर आलंय. खरं असंल तर सांग, आमाला काय अडचण न्हाय. मी न्हाय म्हटलो. त्यांनी परत विचारलं. मग मी कसम खाल्ली.

मेहनाज : कसम खाल्लीस.

गुफरान : अम्मीची. मग त्यांच्या नात्यातली एक बाई निघाली, आपलं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात नर्स हुती. तिनं सगळं सांगितलं. पंपावर मोईन म्हटला, एका किडनीचं मला काय बी नव्हतं. माझे अब्बा तर म्हणत हुते, अशी पोरगी घरात यायला नशीब लागतं. पर आईची कसम खाऊन खोटं बोलणाऱ्यांशी सोयरीक नको, म्हटले.

विजयमाला : मी जरा चहाचं बघून येते.

मेहनाज : बसा, ताई. तिसरं माणूस समोर आहे म्हणून तरी हा बोलतोय. सहा वर्षं झाली ना रे त्याला?

गुफरान : व्हय.

मेहनाज : सहा वर्षं मी कपडे बदलताना आरशाकडं पाठ करते. नंतर तीन स्थळं आली, मीच नको म्हणाले. कुणाची फसवणूक कशाला, म्हटलं. तू तिथंच बसला होतास प्रत्येक वेळी. सरबत तू आणून देत होतास.

गुफरान : म्हाईत हाय.

मेहनाज : तरी बोलला नाहीस.

गुफरान : शरम वाटत होती.

मेहनाज : माझी?

गुफरान : न्हाय गं. माझी. तुझ्या लग्नासाठी लपवतोय असं अम्मीला बी सांगत होतो, स्वतःला बी. खरं तसं नव्हतं. दांडगा पोरगा, टेम्पो चालवतो, अन् बहिणीच्या किडनीवर जगतो, असं लोक बोलतील म्हणून लपवत होतो. पयल्यापासनं मला माझीच पडली होती. आपा, तू देश सोडून चाललीयस ते ह्याच्यामुळं का?

मेहनाज : सगळं तुझ्यामुळंच घडतं असं समजू नकोस. मी माझ्या कामासाठी चाललेय. तिकडच्या दोन कंपन्यांना माझी डिझाईनं आवडतात. एवढंच.

गुफरान : मला माफ...

मेहनाज : आज नको. आज काही मागू नकोस. ताई, लिहा तुम्ही. डावी किडनी, दान केली. कागद काय लागेल?

विजयमाला : त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड.

मेहनाज : अम्मीनं चुलीत घातलं ते.

विजयमाला : मग दवाखान्यातून नक्कल काढायला आठ-दहा दिवस जातील. कागदासकट फॉर्म आज संध्याकाळपर्यंत गेला आणि उद्याच रक्त तपासून घेतलं, तर बुधवारी पत्र येईल. नाहीतर गुरुवार हुकला म्हणायचा.

गुफरान : माझ्या फाईलीत हाय. दोघांचं बी कार्ड. अम्मीला न कळता आपाच्या कार्डाची झेरॉक्स ठिवली होती मी.

विजयमाला : कुठंय फाईल?

गुफरान : घरी, कपाटात. कुलूप लावून ठिवलीय. अर्ध्या तासात घेऊन येतो. अर्शी झोपलेली असंल आत्ता, तिला कळणार बी...

मेहनाज : जा की मग. जा.

गुफरान : ...न्हाय. फोन लावतो. अर्शीच कार्डांचे फोटो पाठवंल.

विजयमाला : विचार करा, गुफरानभाई. फोटोसाठी तिला फाईल उघडावी लागेल.

गुफरान : व्हय, म्हणूनच. हॅलो, अर्शी? झोपली होतीस? बरं, ऊठ जरा. माझ्या कपाटाची किल्ली जुन्या बुटात हाय... व्हय, तेच कपाट. खालच्या खणात हिरवी फाईल हाय. सापडली? उघड... उघड तू, मी सांगतो. वरच्या दोन कागदांचे फोटो काढून पाठव मला... काय? ... वाच की. किडनी देणाऱ्याचं नाव, तितंच लिवलंय... परत वाच... व्हय. आपाच. न्हाय, पुण्याचा कोण न्हाय, तसा कोण माणूसच नव्हता. मी खोटं बोललो. तुला, तुझ्या अब्बूंना, सगळ्यांनाच... अर्शी?

मेहनाज : ठेवला का?

गुफरान : न्हाय. फोटो आले. ती... तुला फोन दे म्हणतीय.

मेहनाज : दे इकडं. हां, अर्शी... हो... हो गं, मीच... नाही, तुझी काय चूक त्यात... काय? ... टाके? दुखतात की. थंडीत जरा जास्त.