ब्रह्मकमळाची विरळणी

ब्रह्मकमळ लावू नका, आणि लावलंत तर द्राक्षवाल्या सासऱ्यांच्या नजरेला पडू देऊ नका. मी चार वर्षं एका पानापासून ते वाढवलं. यंदा पाच कळ्या आल्या, लहानमोठ्या. फूल टिकतं एकच रात्र, आणि माझी अंबडच्या कारखान्यात नाइट शिफ्ट. म्हटलं, पाचातली एखादी तरी माझ्या सुट्टीच्या रात्री फुलेल.

एका सकाळी कामावरून येतो तर दिंडोरीहून आलेले सासरे बाल्कनीत, हातात कात्री.

"जावईबापू, एवढ्याशा झाडाला पाच? विरळणी केली. एकच ठेवली, आता लय फुगंल."

"मामा, ही द्राक्षं नाहीत हो!"

"झाड ते झाडच. जोर वाटला गेला की माल बारीक राहतो."

भांडायचं त्राण नव्हतं. झोपलो.

ती एकुलती कळी बुधवारी फुलली. मी मशीनवर. बायकोनं ओवाळलं, अख्ख्या बिल्डिंगनं फोटो काढले. सकाळी मी पोचलो तेव्हा फुलानं मान टाकली होती. तेवढ्यात मामांचा फोन.

"फोटो पाह्यला. आला का नाय साईज?"

"आला, मामा."

"मग! पुढच्या साली बी मीच येतो. तुम्ही लय दमता."