परक्या दारावरचे नीलकंठराव

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारते. घरातलं माणूस गेलं, की मागं राहिलेल्यांत दुःख कुणाला जास्त – हे कशावरून ठरवायचं? डोळ्यांतल्या पाण्यावरून? सांगा की! गप्प बसलात? बसा. शरयूला मात्र उत्तर पक्कं ठाऊक होतं!

शरयू मिरजेची. वडील नीलकंठराव गेले, तेव्हा अग्नी तिनं दिला. का? धाकटा भाऊ श्रीकर नोकरीसाठी बल्गेरियात – आणि तो आलाच नाही! फोनवर रडलासुद्धा नाही. सहा महिने तिनं हे पोटात ठेवलं आणि मग विमानात बसली. देश बघायला? छे! समोर उभं राहून विचारायला – ‘का आला नाहीस?’ उत्तर पटलं नाही, तर नातं तिथंच संपवून परतायचं.

आता तो देश कसा? अहो, तिथं ‘हो’ म्हणायला मान आडवी हलवतात! पहिल्याच दिवशी बाजारात शरयूबाई ‘नको, नको’ म्हणून मान हलवतायत, आणि भाजीवाला खुशीत पिशवी भरतोय! हसा, हसा – पुढं हसायला फारसं नाही.

आणि जिथं तिथं कागद! घरांच्या दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर – माणसांचे फोटो, खाली काही छापलेलं.

‘निवडणूक आलीय वाटतं! किती रे हे उमेदवार?’

श्रीकर म्हणाला, ‘ताई, ही गेलेली माणसं आहेत. सहा महिन्यांनी, वर्षानं, वीस वर्षांनीसुद्धा लावतात. येणारा जाणारा थांबतो, बघतो.’

शरयू मनात म्हणाली – परक्यांचं सगळं माहीत आहे याला!

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकर न सांगताच बाहेर पडला. थोड्या वेळानं दार वाजलं. शेजारची स्टेफकाआजी! डोक्याला काळा रुमाल, हातात ताट, ताटात लहान लहान पेले. पेल्यांत उकडलेले गहू, वर साखर, अक्रोड. एक पेला तिनं पुढं केला.

इथं घोटाळा झाला, मंडळी! बापाचं वर्ष होईपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही, हा शरयूचा नेम. आता ती शहाणी झाली होती – मान हलवलीच नाही! हात जोडले, ‘नको’ म्हणाली. म्हातारीनं छातीवर हात ठेवला, पुन्हा पेला पुढं केला, काहीतरी बोलली. शरयूनं दार लावून घेतलं.

आणि गेला कुठं हा? विचारायचं ते आजच विचारू, म्हणून तरातरा जिना उतरली. खाली, इमारतीच्या दाराशी, श्रीकर पाठमोरा उभा. हातात खळीचा ब्रश. दारावर ओला कागद. कागदावर – नीलकंठराव! टोपी जरा उजवीकडे झुकलेली.

‘हे काय रे?’

‘बाबांचे सहा महिने झाले आज. स्टेफकाआजी आल्या होत्या का? गहू मीच शिजवले त्यांच्याकडे. गेलेल्याच्या नावानं वाटतात. घेणारा म्हणतो, देव त्यांना क्षमा करो.’

बापाच्या नावाचा घास! लेकीनंच दारातून परत पाठवला होता!

पण प्रश्न गिळला नाही तिनं. ‘का आला नाहीस, श्री?’

‘तिकीट काढलं होतं. विमानतळावरून परत फिरलो. इथं बाबा रोज फोनवर असायचे गं... तिथं आलो असतो, तर तिरडीवर दिसले असते.’

‘आणि मी? मी एकटी होते रे तिथं!’

कागदाचा एक कोपरा सुटत होता, श्रीकर तो अंगठ्यानं दाबत राहिला. दाबत राहिला... आणि खांदे हलायला लागले.

शरयूनं त्याला जवळ घेतलं नाही. मी खोटं सांगणार नाही. ती वर गेली, स्टेफकाआजीचं दार वाजवलं, आणि तीर्थाला करतो तशी ओंजळ पुढं केली. म्हातारीनं पेला त्या ओंजळीत रिकामा केला. शरयूनं नेम मोडला. गहू खाल्ले आणि आपल्या मराठीत म्हणाली, ‘देव क्षमा करो.’

बापासाठी म्हणाली, की भावासाठी? मला विचारू नका. तिलाही सांगता आलं नसतं.

आता तुम्ही! तुमच्या घरातही आहे ना एक, जो त्या दिवशी रडला नाही? ‘दगड आहे दगड’ म्हणालात, आणि दिवसकार्याच्या पंगतीत त्याच्याशी बोललाही नाहीत? नुसत्या टाळ्या नकोत, माउली. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसा. काही विचारू नका. गेलेल्याचं नाव तेवढं घ्या, आणि थांबा.