सगळ्यात स्वस्त खाट

लुपे : आणि हे तू मला आज सांगतेस? शनिवारपासून माझ्या खाटेवर लोळतेस, माझ्या टाकीतलं पावसाचं पाणी भसाभसा अंगावर ओततेस, आणि कालाफीची मुलगी असल्याचं आज सांगतेस!

लेसी : तुम्ही विचारलं नाहीत.

लुपे : मी काय विचारू? एकटं फिरणारं माणूस आलं की मी नाव विचारते आणि किती दिवस राहणार ते विचारते. परवाच्या त्या जर्मन पोराला मी ‘तुझा बाप कोण रे’ म्हणून विचारलं का? तू पाठीवर पिशवी घेऊन आलीस, राजधानीतून, नुकुआलोफाहून मालाच्या बोटीनं, डुकरांच्या शेजारी बसून. आल्या आल्या म्हणालीस, सगळ्यात स्वस्त खाट कुठली? मला वाटलं पालांगीच आहे, गोऱ्यांच्यातली, जरा उन्हात रापलेली.

लेसी : तिकिटातच सगळं संपलं होतं. आणि खरं सांगू? असं आलं की कुणी काही विचारत नाही, हे मला बरं वाटलं.

लुपे : बरं वाटलं म्हणे! बाप जाऊन महिना होत आला, बापाची सख्खी बहीण चर्चच्या पलीकडे राहते, तिला पत्ता नाही, आणि तू इथे दोऱ्या उकळून खातेस.

लेसी : नूडल्स.

लुपे : दोऱ्याच त्या. अगं, सांगायलाच आलीस ना इतक्या लांब? मग जा आणि सांग.

लेसी : रोज निघते मी. चर्चपर्यंत जाते. तिथून आत्याचं दार दिसतं. मग परत फिरते.

लुपे : म्हणून रोज चर्चचे फोटो काढत होतीस होय! मी म्हटलं, असं काय आहे आमच्या चर्चमध्ये, पत्रासुद्धा गळतो.

लेसी : काय सांगू त्यांना? तुमचा भाऊ वारला, आणि मी त्याला तुम्हाला न विचारता पुरून टाकलं?

लुपे : अरे देवा. तेही आहेच. आमच्या टोंगात भावाच्या मयताला बहीण डोक्याशी येऊन बसल्याशिवाय कुणी पेटीला खिळासुद्धा ठोकत नाही. बाप गेला की सुतकात त्याच्या मुलांचे केस कापते तीच. कोण रडणार, कोण चुलीशी राबणार, सगळं तिच्या शब्दावर. आणि लेसीएलीताईसारखी बाई! पाद्रीबाबासुद्धा तिच्यासमोर हळू बोलतात. बाई गं, मी तुझ्या जागी असते तर मीही चर्चवरूनच परत फिरले असते.

लेसी : तुम्ही मला धीर देताय का घाबरवताय?

लुपे : दोन्ही. आता मागे वळू नकोस. फाटक वाजलं. टोपली घेऊन येतेय कोण ते बघ. नाही, नको बघूस. या ताई, या! केवढं ऊन, छत्री नाही आणलीत?

आत्या : तुझी अंगणातली बडबड रस्त्यापर्यंत ऐकू येते, लुपे. ही का ती?

लुपे : हीच... म्हणजे, कोण?

आत्या : वेड पांघरू नकोस. रविवारी सगळं गाव प्रार्थनेला, आणि ही समुद्रात. रविवारी! मी चर्चच्या पायरीवर उभी होते. बाहेर आली, केस पिळले, तिथेच मी ओळखलं. आमच्या आईचे केस आहेत ते. ऊठ, नीट दिसू दे.

लेसी : मला माहीत नव्हतं, रविवारी पोहत नाहीत ते.

आत्या : बापानं शिकवलं नाही?

लेसी : आम्ही समुद्रापासून फार लांब राहायचो. तिथे नुसत्या संत्र्यांच्या बागा.

आत्या : संत्री. बरं. नाव काय तुझं?

लेसी : लेसी.

आत्या : हे कसलं नाव? कुत्र्याला हाक मारल्यासारखं. पूर्ण सांग.

लेसी : लेसीएली.

लुपे : अगं बाई! तुमचंच नाव, ताई!

आत्या : ऐकलं मी. भावाच्या मुलांची नावं ठेवायची ती बहिणीनं. मला विचारलं नाही, कळवलं नाही, नाव मात्र माझंच उचललं. चोर कुठला! टोपली घे. अळूच्या पानातलं मटण आहे, नारळाच्या दुधात. तुझ्या बापाला लागायचं तसं, खारट. रविवारी माझ्या घरी जेवणाची, जमिनीतली भट्टी लागली होती, सगळी भावंडं जेवली, आणि कालाफीची पोर परक्याच्या घरात भाड्याच्या खाटेवर.

लुपे : परकी काय ताई, मी...

आत्या : तू मध्ये बोलू नकोस. तिनं दिलेलं भाडं परत कर आणि तिची पिशवी बाहेर काढ. गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. बायका मला विचारतात, लेसीएली, तुझ्या घरात चटई कमी पडली का गं? एकटी कशी आलीस? आपल्यात एकटं कोण फिरतं? वेडं, नाहीतर ज्याला कुणी नाही ते.

लेसी : मी दुसऱ्यातली.

आत्या : जिभेला धार आहे. तीही आमचीच. त्यानं पाठवलं ना तुला? आधी पोरीला धाडायचं, ताई अजून रागावलीय का ते बघायला. लहानपणी चोरून फणस फोडला की धाकट्याला असाच पुढे करायचा. कधी येतोय तो?

लेसी : आत्या...

आत्या : नाताळात येतोय का? त्याची खोली मी कुणाला दिलेली नाही. काढ तो फोन. लाव त्याला. ताईला बोलायचंय म्हणावं. झालं आता, पुरे झालं. मीच बोलते आधी, माझं काय नाक तुटणार आहे का? लाव.

लेसी : उचलणार नाहीत ते.

आत्या : माझं नाव सांग, उचलेल.

लुपे : सांग ना गं पोरी. आता सांगून टाक.

लेसी : आत्या, बाबा वारले. गेल्या महिन्यात.

(लुपेची कोंबडी टोपलीशी येते. तिला कुणी हाकलत नाही.)

आत्या : कशानं?

लेसी : हृदय. बागेतच पडले. दवाखान्यात दोन दिवस होते.

आत्या : शुद्ध होती?

लेसी : मधून मधून. टोंगातलं, लहानपणाचं काहीतरी तुटक बोलत होते. मला अर्धंच कळत होतं.

आत्या : पुरलं कुठे?

लेसी : तिथेच. गावाबाहेर. झाडं नाहीत फारशी, पण जागा स्वच्छ आहे.

आत्या : दगडावर नाव नीट लिहिलंय ना? पूर्ण? आमच्या वडिलांचं घातलं ना पुढे?

लेसी : दगडावर ‘सॅम’ लिहिलंय.

आत्या : कोण सॅम?

लेसी : बाबाच. कामावर तेच नाव होतं. दवाखान्याच्या कागदावरही तेच. तिथे राहायची परवानगी कधीच संपली होती त्यांची. म्हणून टोंगाची माणसं दिसली तरी रस्ता बदलायचे. कुणी घरी कळवेल म्हणून.

आत्या : माझा भाऊ दुसऱ्याच्या नावानं मातीत. वा! आणि डोक्याशी? डोक्याशी कोण बसलं त्याच्या?

लेसी : मी.

आत्या : तू?

लेसी : दवाखान्यात त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं मी. जाईपर्यंत.

आत्या : हात लावलास? अगं, लेकरानं बापाच्या डोक्याला हात लावायचा नसतो! त्याच्या ताटातलं उष्टंसुद्धा खायचं नसतं तुम्ही, आणि तू डोकं... एवढंही सांगितलं नाही त्यानं?

लेसी : सांगितलं होतं. लहानपणापासून. मी कधी त्यांच्या केसांना हात लावला नाही. पण त्या दिवशी दुसरं कोण होतं तिथे? सांग ना. कुणी लावायचा होता हात?

आत्या : मी! मी लावायचा होता!

लेसी : तू नव्हतीस! तूच म्हणाली होतीस फोनवर, आईच्या मातीला आला नाहीस, आता मेलास तरी मला तोंड दाखवू नकोस. मी शेजारीच उभी होते. फोनमधून बाहेर ऐकू येत होतं.

लुपे : ताई, बसा तुम्ही. पाणी आणते.

आत्या : नको पाणी. म्हणाले मी तसं. आई तिथे चटईवर पडलेली, लोक विचारतायत मुलगा कुठाय, मी काय सांगू? रागाच्या भरात माणूस बोलतं. वर्षभर शिव्या खायच्या आणि पुन्हा फोन करायचा, एवढंही कळू नये?

लेसी : विमानात बसले असते तर त्यांना परत आत घेतलं नसतं. माझी आई तोवर फिजीला निघून गेली होती. मी एवढीशी. मला कुणाकडे टाकून येणार होते?

आत्या : हे मला सांगितलं का त्यानं?

लेसी : लाज वाटली त्यांना.

आत्या : माझी लाज? अंथरूण ओलं केलं की मी धुवायचे त्याचं!

लेसी : मी म्हणायचे, बाबा, करा ना फोन. दर नाताळला म्हणायचे. ते म्हणायचे, नाही, ताई नको म्हणालीय. टोंगात भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही.

आत्या : आयुष्यात माझं एक ऐकलं नाही. शाळेत जा म्हटलं, गेला नाही. परदेशी जाऊ नकोस म्हटलं, गेला. आणि नेमका हाच शब्द पाळायचा होता मेल्याला!

लुपे : ताई...

आत्या : कात्री आण, लुपे.

लुपे : आत्ता? इथे?

आत्या : मग कुठे, गव्हर्नरच्या बंगल्यात? बाप जाऊन महिना झाला आणि पोरगी मोकळे केस सोडून समुद्रात नाचतेय. ही काय रीत झाली?

लेसी : तिथे मैत्रीण म्हणाली होती, मी कापते. मी नाही कापू दिले. बाबांनी सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी केस आत्या कापेल.

आत्या : असं म्हणाला?

लेसी : म्हणून तर आले. फिरायला नाही आले मी.

लुपे : ही घ्या. पडदे कापायची आहे, धार बरी आहे. इथे सावलीत बस गं, खाली, ताईंच्या पायाशी.

लेसी : आत्या, तू अजून रागावली आहेस?

आत्या : मरेपर्यंत रागावणार. त्याच्यावरही, तुझ्यावरही. महिनाभर मी इथे गाणी म्हणत, हसत हिंडत होते, आणि तिकडे तो... मला काळं नेसायलासुद्धा मिळालं नाही. हे मी विसरायची नाही. मान खाली घाल.

लेसी : किती कापणार?

आत्या : विचारायचं नसतं. हलू नकोस, कान जाईल.

लुपे : ताई, मी केस धरून ठेवू का?

आत्या : तुझा काय संबंध? माझ्या भावाची पोर आहे. धरीन मी एका हातानं.

लेसी : खाली पडलेले केस उचलू का?

आत्या : राहू दे. बसून राहा.

लेसी : बरं.

आत्या : काय गं... डोकं जड लागलं का त्याचं?

लेसी : हो. पाय बधिर झाले माझे. तरी हलवलं नाही.

आत्या : लहानपणीही जडच होतं.